गूगलचं लॉगिन पहिल्यांदा फसतं, दुसऱ्यांदा होतं: परत परत येणाऱ्या या प्रॉब्लेमसाठी कुठे कुठे बघायचं

दादरच्या एका अभ्यासिकेची सीट बुकिंगची वेबसाइट आम्ही सांभाळतो, एमपीएससी आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं त्यावर सकाळ-संध्याकाळचे स्लॉट बुक करतात. लॉगिन दोन प्रकारचं आहे, एक आपलं साधं इमेल-पासवर्डचं, ज्याला लोकल लॉगिन म्हणतात, आणि दुसरं गूगल किंवा फेसबुकचं बटण दाबून, ज्याला सोशल लॉगिन म्हणतात. लोकलबद्दल फारशी तक्रार येत नाही. सोशलबद्दल मात्र एकच तक्रार वेगवेगळ्या मुलांकडून येत राहते, की दादा गूगलचं बटण दाबलं, अकाउंट निवडलं, परत लॉगिनच्याच पानावर आलो, मग पुन्हा दाबलं तेव्हा झालं. आपण आपल्या लॅपटॉपवर बघतो तर सगळं व्यवस्थित चालू असतं, त्यामुळे "नेट स्लो असेल" म्हणून विषय बंद होतो आणि पुढच्या आठवड्यात तीच तक्रार परत हजर.

आमचा सेटअप नोड, एक्सप्रेस, पासपोर्ट (लॉगिन सांभाळणारी लायब्ररी) आणि पुढे इंजिनएक्स (बाहेरून येणारी रिक्वेस्ट आधी घेणारा वेब सर्व्हर) असा आहे, म्हणून उदाहरणं त्यातली देतोय, पण जँगो असो, लाराव्हेल असो की डॉटनेट, नावं बदलतात, दुखणं तेच राहतं.

आधी एक गोष्ट, कारण यावर सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले फिरतात. लॉगमधे स्टेटचा एरर दिसला की लोक सांगतात "स्टेट चेक काढून टाक, चालायला लागेल." चालायला लागतं हे खरं, पण कृपा करून हे करू नका. स्टेट म्हणजे युजरला गूगलकडे पाठवताना आपला सर्व्हर जो एक रँडम कोड बनवतो तो, एक प्रत सेशनमधे (त्या युजरची सर्व्हरवरची तात्पुरती नोंद) ठेवतो आणि एक गूगलबरोबर पाठवतो, परत येताना दोन्ही जुळले तरच आत घेतो, देवळाबाहेर चप्पल ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखं. हे नसेल तर काय होतं बघा: कोणीतरी स्वतःच्या गूगल अकाउंटने लॉगिन सुरू करतो, शेवटची जी कॉलबॅकची, म्हणजे गूगलकडून आपल्या साइटवर परत येण्याची, लिंक असते ती स्वतः न वापरता अडवतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या मुलीला पाठवतो, तिने क्लिक केलं की ती त्याच्या अकाउंटमधे लॉगिन होते, तिला पत्ता पण लागत नाही, ती तिथे आपला फोन नंबर टाकते, आधारचा फोटो अपलोड करते, आणि तो घरी बसून सगळं बघतो. त्यातून पासपोर्टच्या गूगल स्ट्रॅटेजीमधे (गूगल लॉगिनसाठीचा त्याचा भाग) हा चेक आपोआप चालू नसतो, स्टेटला ट्रू द्यावं लागतं, तेव्हा आधी तुमच्याकडे तो चालू आहे ना ते बघा. "आमच्याकडे कधीच एरर येत नाही" असं जे म्हणतात त्यांच्याकडे कित्येकदा चेकच बंद असतो.

आता मूळ कारणाकडे. या सगळ्या प्रकाराच्या मागे जवळजवळ नेहमी एकच गोष्ट असते: जो ब्राउझर आपल्याकडून गूगलकडे गेला, तोच परत आलाय हे आपल्या सर्व्हरला ओळखता आलं नाही. ओळख पटते ती सेशनच्या कुकीवरून, म्हणजे सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवलेल्या छोट्या चिठ्ठीवरून. म्हणजे शोधायचं काय, तर ती कुकी जाण्या-येण्याच्या वाटेत नक्की कुठे हरवली. गूगलच्या कन्सोलमधे (जिथे आपण आपलं अ‍ॅप नोंदवतो) सेटिंग उलटीपालटी करत बसण्यात काही अर्थ नाही, शिवाय तिथे बदल केला की लागू व्हायला पाच मिनिटांपासून काही तास लागू शकतात, त्यामुळे माणूस बदलतो, लगेच टेस्ट करतो, चालत नाही म्हणून परत जुनं करतो आणि तोपर्यंत पहिला बदल लागू होतो, मग तर काहीच कळेनासं होतं.

पासपोर्ट यात एक मोठी मदत करतो जी बरेच जण वाचतच नाहीत. त्याचे दोन वेगवेगळे मेसेज आहेत. एक "अनेबल टू व्हेरिफाय ऑथरायझेशन रिक्वेस्ट स्टेट" आणि दुसरा "इनव्हॅलिड ऑथरायझेशन रिक्वेस्ट स्टेट". दिसायला सारखे आहेत पण अर्थ वेगळा. पहिल्याचा अर्थ सेशनमधे स्टेटच सापडला नाही, म्हणजे कुकी आलीच नाही किंवा आली पण तिचं सेशन सर्व्हरवर नव्हतं. दुसऱ्याचा अर्थ सेशन सापडलं, त्यात स्टेट पण होता, पण आलेल्या स्टेटशी जुळला नाही. आपण फेल्युअर रिडायरेक्ट (लॉगिन फसलं की ठरलेल्या पानावर पाठवणं) लावून ठेवलेला असतो त्यामुळे हे मेसेज गुपचूप गिळले जातात आणि युजर नुसता लॉगिनच्या पानावर येऊन पडतो. म्हणून पहिलं काम हे, की कॉलबॅकच्या रूटवर स्वतःचा छोटा हँडलर लिहा आणि हा मेसेज लॉगमधे उतरवून घ्या. अर्धी लढाई तिथेच संपते.

मग ब्राउझरचं नेटवर्कचं पॅनल उघडा, त्यात लॉग टिकवून ठेवायची टिक मारा नाहीतर पान बदललं की सगळं पुसलं जातं, आणि दोनच रिक्वेस्ट बघा. पहिली, जिथून आपण गूगलकडे निघतो: उत्तरात सेट-कुकी आहे का? दुसरी, कॉलबॅकची: रिक्वेस्टमधे तीच कुकी परत गेली का? पहिल्यात नाही तर आपला सर्व्हर कुकी देतच नाहीये. पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही, तर ब्राउझरने ती रोखली. दोन्हीकडे आहे तरी एरर येतोय तर सेशन सर्व्हरवरच हरवतंय. हे तीन फाटे वेगळे ठेवले की पुढचं सोपं आहे.

"पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा होतं" ही तक्रार शब्दशः अशीच असेल तर मी सगळ्यात आधी पत्ता बघतो. साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून पण उघडते आणि न लावता पण उघडते, आणि गूगलला कॉलबॅक दिलाय डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला. मुलाने नुसतं नाव टाइप केलं, कुकी त्या नुसत्या नावाला चिकटली, गूगलने परत पाठवलं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर, ब्राउझरच्या दृष्टीने हा वेगळा होस्ट, कुकी गेली नाही, एरर. पण आता लॉगिनचं जे पान समोर आलंय ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर आहे! म्हणून दुसऱ्यांदा बटण दाबलं की झालं. उद्या परत नुसतं नाव टाइप करणार, परत तेच. अभ्यासिकेच्या दारावरच्या बोर्डावर क्यूआर कोडमधे एक पत्ता, इन्स्टाच्या बायोमधे दुसरा, असं असलं की अर्ध्या मुलांना प्रॉब्लेम आणि अर्ध्यांना नाही, आणि आपल्या बुकमार्कमधे बरोबर तो चालणारा पत्ता असतो म्हणून आपल्याला कधीच दिसत नाही. उपाय एकच, इंजिनएक्समधेच एका पत्त्यावरून दुसऱ्यावर ३०१ (कायमचा रिडायरेक्ट) टाकायचा, अ‍ॅपपर्यंत पोचायच्या आधी. काही जण कुकीला डोमेन देऊन दोन्हीकडे चालवतात, ते पण चालतं, पण मग ती लॉगिनची कुकी तुमच्या प्रत्येक सबडोमेनला जाते, टेस्टिंगच्या सर्व्हरला पण, ते मला पटत नाही.

लॅपटॉपवर चालतं आणि खऱ्या सर्व्हरवर कधीच चालत नाही, असं असेल तर प्रॉक्सी, म्हणजे आपल्या अ‍ॅपच्या पुढे उभा असलेला इंजिनएक्स. एचटीटीपीएस इंजिनएक्सवर संपतं, पुढे नोडकडे साधी एचटीटीपी रिक्वेस्ट जाते, सेशनची कुकी आपण सिक्युअर ठेवलेली असते (आणि ठेवायलाच हवी), मग एक्सप्रेस-सेशन म्हणतं कनेक्शन सुरक्षित नाही आणि कुकी पाठवतच नाही, एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. एक्सप्रेसला ट्रस्ट प्रॉक्सीची सेटिंग द्या आणि इंजिनएक्समधून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर पाठवा, दोन्ही हवं, एकाने भागत नाही. ट्रस्ट प्रॉक्सीला नुसतं ट्रू देऊ नका, मधे किती प्रॉक्सी आहेत तो आकडा द्या, फक्त इंजिनएक्स असेल तर १, त्याच्या पुढे अजून कोणी असेल तर २, कारण ट्रू दिलं की बाहेरच्याने खोटं हेडर पाठवलं तरी आपण विश्वास ठेवतो.

याच प्रॉक्सीमुळे दुसरा प्रसिद्ध एरर येतो, ४०० रिडायरेक्ट यूआरआय मिसमॅच. आपण कॉलबॅक अर्धवट दिलेला असतो, नुसता स्लॅशपासून पुढचा, मग लायब्ररी समोरच्या रिक्वेस्टवरून पूर्ण पत्ता बनवते आणि तो बनतो एचटीटीपीचा, गूगलकडे नोंदवलेला असतो एचटीटीपीएसचा. गूगल अक्षर न् अक्षर जुळवून बघतं, शेवटचा स्लॅश, पोर्ट, कॅपिटल-स्मॉल, सगळं. पूर्ण पत्ता कॉन्फिगमधून द्या, डेव्हलपमेंटचा वेगळा, लाइव्हचा वेगळा, आणि एररच्या पानावर गूगल जो पत्ता दाखवतं तो कॉपी करून कन्सोलमधल्याशी जुळवा, नजरेने वाचू नका, डोळा फसतो. फेसबुकने तर २०१८ पासून लाइव्ह अ‍ॅपला एचटीटीपीएस सक्तीचंच केलंय, त्यामुळे तिथे साधा एचटीटीपी पत्ता नोंदवून पळवाट निघत नाही.

"कधी होतं, कधी होत नाही, काही ताळमेळच नाही" ही तिसरी तऱ्हा, आणि ही लोकांना सर्वात जास्त छळते. बघा की नोडच्या किती प्रोसेस चालू आहेत. एक्सप्रेस-सेशन डीफॉल्टने मेमरी स्टोअर वापरतं, म्हणजे सेशन त्या एका प्रोसेसच्या पोटात. पीएमटूने (नोडच्या प्रोसेस चालवणारं साधन) क्लस्टर मोडमधे चार प्रोसेस उठवल्या की जाताना तुम्ही एकीकडे, येताना दुसरीकडे, आणि दुसरीला तुम्ही कोण हे माहीतच नाही. नशिबाने त्याच प्रोसेसकडे आलात तर लॉगिन होतं. अशा ठिकाणी नेटवर्कच्या पॅनलमधे कुकी दोन्हीकडे बरोबर दिसते म्हणून माणूस गोंधळतो. रेडिस (सगळ्या प्रोसेसना वापरता येणारं वेगळं स्टोअर) लावा किंवा डेटाबेसमधे सेशन ठेवा, झालं. मेमरी स्टोअर प्रॉडक्शनसाठी नाही असं लायब्ररी स्वतःच सुरुवातीला वॉर्निंग देऊन सांगते. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळी मुलं लॉगआउट होत असतील तर हेच कारण, वेगळं शोधू नका.

कुकीच्या सेमसाइट सेटिंगबद्दल थोडक्यात, दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची की नाही हे ते ठरवतं. क्रोमने फेब्रुवारी २०२० मधे ८० व्या आवृत्तीपासून, काही लिहिलं नसेल तर लॅक्स धरायला सुरुवात केली. गूगल आणि फेसबुक परत पाठवतात ते साध्या गेट रिडायरेक्टने, त्यात लॅक्स कुकी जाते, म्हणून लॅक्स ठेवा. कोणीतरी सिक्युरिटी वाढवायची म्हणून स्ट्रिक्ट करतो आणि त्या दिवसापासून सोशल लॉगिन कायमचं बंद पडतं, लोकल मात्र चालू राहतं, ही त्याची खूण. अ‍ॅपलचं बटण ठेवलं असेल तर तिथे गंमत वेगळी आहे, नाव किंवा इमेल मागितलं की अ‍ॅपल पोस्टने परत येतं आणि पोस्टला लॅक्स कुकी जात नाही. त्यासाठी पूर्ण सेशन मोकळं करायची गरज नाही, फक्त स्टेटपुरती एक छोटी वेगळी कुकी, सेमसाइट नन आणि सिक्युअर, थोड्या मिनिटांची मुदत, एवढं पुरतं. आणि अ‍ॅपलचं क्लायंट सीक्रेट हे आपण सही करून बनवलेलं टोकन असतं, त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने, त्यामुळे "काही न बदलता अचानक बंद पडलं" असं वर्षातून दोनदा होत असेल तर कोडमधे शोधू नका, सीक्रेट नवीन बनवा आणि ते आपोआप बनेल अशी सोय करा.

आता दुसरा मेसेज, "इनव्हॅलिड" वाला. हा बहुतेक वेळा दोन टॅबमुळे. मुलाने एका टॅबमधे गूगलचं बटण दाबलं, पान यायला वेळ लागला म्हणून दुसरा टॅब उघडून परत दाबलं, सेशनमधला स्टेट नवीन झाला, मग पहिल्या टॅबमधे जाऊन अकाउंट निवडलं. जुना बिल्ला, नवीन नोंद. इथे सर्व्हरचं काही चुकलेलं नाही.

यालाच जोडून लोकल ट्रेनमधला प्रकार सांगतो, कारण आपल्याकडे अर्धी बुकिंग ट्रेनच्या डब्यात उभं राहूनच होतात. अकाउंट निवडलं, कॉलबॅकची रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचली, सर्व्हरने गूगलने कॉलबॅकबरोबर दिलेला एकवेळचा कोड वापरून लॉगिन करून टाकलं, आणि उत्तर फोनपर्यंत यायच्या आत नेटवर्क गेलं. फोनने पुढच्या स्टेशनला तेच पान परत लोड केलं. कोड एकदाच चालतो, स्टेट पण एकदाच, दोन्ही संपलेत. त्यात पासपोर्ट ०.६ पासून लॉगिनच्या वेळी सेशनचा आयडी नवीन बनवतो, तो नवीन आयडी त्या हरवलेल्या उत्तराबरोबरच गेला, फोनकडे जुनाच आहे, म्हणून सर्व्हर म्हणतो तुला ओळखत नाही. स्टेट चेक बंद असलेल्यांना याच जागी "इनव्हॅलिड ग्रँट" किंवा "टोकन एरर, बॅड रिक्वेस्ट" दिसतो, आजार एकच. हे पूर्ण टाळता येत नाही, पण युजरला त्रास न होईल असं नक्की करता येतं. कॉलबॅकला एरर आला की आधी बघा तो लॉगिन झालेला आहे का, असेल तर सरळ आत पाठवा. नसेल तर स्वच्छ मराठीत "लॉगिन पूर्ण झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा" आणि खाली मोठं बटण. एरर आल्यावर आपोआप परत गूगलकडे मात्र पाठवू नका, गूगल ओळखीच्या युजरला न विचारता लगेच परत पाठवू शकतं, आणि मूळ कुकीचा प्रॉब्लेम असेल तर ते चक्र थांबतच नाही, शेवटी ब्राउझर "टू मेनी रिडायरेक्ट्स" म्हणून हात टेकतो.

सेशन आयपी अ‍ॅड्रेसला बांधून ठेवलं असेल तर ते पण सोडवा. अभ्यासिकेच्या वायफायवरून बाहेर पडून मोबाइल डेटावर गेलं की आयपी बदलतो, मुलगा बिचारा जिना उतरेपर्यंत लॉगआउट.

इन्स्टाच्या लिंकवरून येणाऱ्यांचा एरर वेगळाच असतो, ४०३ आणि "डिसअलाउड युजर एजंट". अ‍ॅपच्या आतच उघडणाऱ्या ब्राउझरमधे गूगल लॉगिन करू देत नाही, कारण त्या अ‍ॅपला मधे बसून पासवर्ड वाचता येऊ शकतो. हे योग्यच आहे आणि आपल्या बाजूने यावर तोड नाही, युजर एजंट (ब्राउझर स्वतःची सांगतो ती ओळख) बदलून चकवायचे जे उपाय सांगतात ते करू नका. अशा ब्राउझरमधून आलेल्याला गूगलच्या बटणाच्या जागी "वरच्या तीन टिंबांवर दाबून क्रोममधे उघडा" असं दाखवा, आणि लोकल लॉगिन तिथेच चालू ठेवा. दोन्ही प्रकारचं लॉगिन ठेवण्याचा खरा फायदा इथे कळतो.

इथपर्यंत झालं ते लॉगिन न होण्याचं. पण मला जास्त काळजी वाटते ती लॉगिन होतं पण चुकीच्या अकाउंटमधे होतं, त्याची.

तक्रार अशी येते: "माझी सीट बुक होती, आता दिसतच नाही." मुलीने आधी इमेल-पासवर्डने अकाउंट काढलं, फी भरली, नंतर एके दिवशी गूगलचं बटण दाबलं आणि आपण तिचं नवीन रिकामं अकाउंट उघडून दिलं. यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे इमेल सारखा असेल तर एकच अकाउंट समजा. इथे थांबा. आपल्या लोकल रजिस्ट्रेशनमधे इमेल व्हेरिफाय करून घेतलाय का? नसेल तर कोणीही तिच्या इमेलने आधीच अकाउंट काढून स्वतःचा पासवर्ड लावून बसू शकतो. ती नंतर गूगलने येते, आपण इमेल जुळला म्हणून जोडून देतो, ती वापरायला लागते, आणि त्याचा पासवर्ड अजून चालूच आहे. हे कल्पनेतलं नाही, २०२२ मधे यावर संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात तपासलेल्या ७५ मोठ्या सेवांपैकी किमान ३५ मधे या जातीची भोकं सापडली होती. मोठ्यांची ही गत, तर आपल्या छोट्या साइटवर हातावर हात ठेवून बसून चालणार नाही.

करायचं असं. युजरचं टेबल वेगळं आणि लॉगिनच्या ओळखींचं टेबल वेगळं. ओळखींच्या टेबलमधे कोणाकडून आली, म्हणजे गूगल की फेसबुक, आणि त्यांच्याकडचा कायमचा आयडी, या जोडीवर युनिक बंधन. गूगलकडे तो आयडी "सब" नावाने येतो, तोच धरा, इमेल धरू नका, इमेल बदलतो आणि सब बदलत नाही. फेसबुकचा आयडी प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळा असतो, त्यामुळे जुन्या अ‍ॅपमधून नवीन अ‍ॅपमधे जाताना ते आयडी नुसते कॉपी करून जुळत नाहीत. आणि फेसबुक इमेल देईलच असं नाही, बरेच जण फोन नंबरवर अकाउंट काढतात किंवा परवानगीच्या वेळी इमेलची टिक काढतात, म्हणून इमेलचा कॉलम नॉट नल (रिकामा चालणार नाही असा) ठेवला असेल तर ५०० चा एरर ठरलेला.

गूगलवरून आलेला सब आपल्याकडे नसेल पण इमेल ओळखीचा असेल, तर लगेच जोडू नका, त्याला सांगा या इमेलवर आधीच अकाउंट आहे, एकदा पासवर्ड टाका म्हणजे दोन्ही जोडतो. पासवर्ड आठवत नसेल तर इमेलवर लिंक. आणि जुनं अकाउंट व्हेरिफाय न झालेलं असेल तर लिंकने सिद्ध झाल्यावर आधीचा पासवर्ड रद्द करा आणि चालू असलेली सगळी सेशन्स बंद करा, हा भाग विसरला तर वरचं सगळं वाया. गूगलचा इमेल किती विश्वासाचा, तर पत्ता जीमेलचा असेल किंवा इमेल व्हेरिफाइड खरं असून सोबत संस्थेचं डोमेन सांगणारी एचडी ही नोंद पण असेल, तेव्हाच गूगल त्या पत्त्याची खात्री देतं, इतर पत्ता असेल तर आपली लिंक पाठवून खात्री करा. जीमेलमधे नावातल्या टिंबांना अर्थ नसतो, त्यामुळे मुलीने लोकलला टिंब देऊन आणि गूगलकडून टिंबाशिवाय असे दोन पत्ते येतात आणि अकाउंट दोन होतात. यासाठी पत्ते बदलत बसू नका, प्रोफाइलच्या पानावर "गूगल जोडा" असं बटण द्या, आधी लॉगिन झालेल्या माणसाने स्वतः जोडलेलं सगळ्यात सुरक्षित.

उलट बाजू पण आहे. फक्त गूगलने आलेल्या मुलाचा पासवर्ड आपल्याकडे रिकामा असतो. तो कधीतरी इमेल-पासवर्डच्या फॉर्ममधे काहीतरी टाकतो, बीक्रिप्टला (पासवर्ड तपासणारी लायब्ररी) हॅशच्या, म्हणजे पासवर्डच्या साठवलेल्या बदललेल्या रूपाच्या, जागी नल (रिकामं) मिळतो, ते एरर फेकतं आणि त्याला पांढरं पान दिसतं. लोकल स्ट्रॅटेजीमधे हॅश नसेल तर तुलना न करता नेहमीचाच "इमेल किंवा पासवर्ड चुकीचा" असा मेसेज द्या, आणि पासवर्ड विसरलात या वाटेने त्याला नवीन पासवर्ड ठेवू द्या. लोकल स्ट्रॅटेजी फॉर्ममधे युजरनेम नावाचं फील्ड शोधते, आपल्या फॉर्ममधे ते इमेल नावाने असतं, ते सांगितलं नाही तर "मिसिंग क्रेडेन्शियल्स" येतो, हे लावताना पहिल्याच दिवशी भेटतं. आणि बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतं. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजून, म्हणजे मराठीत मोठं वाक्य पासवर्ड ठेवणाऱ्याची पहिली साधारण २४ चिन्हंच कामाला येतात. त्याहून लांब असेल तर सरळ नाकारा किंवा बीक्रिप्टऐवजी अर्गॉन-टू-आयडी वापरा.

लॉगिन झाल्यावर मुलगा ज्या स्लॉटच्या पानावर होता तिथे न जाता होमपेजवर जातो, ही अजून एक येत राहणारी तक्रार. ते पण पासपोर्ट ०.६ चंच, सेशन नवीन बनताना आपण जपून ठेवलेला परतीचा पत्ता पुसला जातो. कीप सेशन इन्फो हा पर्याय आहे, पण सगळंच पुढे न्यायच्या ऐवजी मी तो एक पत्ता लॉगिनच्या आधी बाजूला काढून नंतर परत ठेवतो, आणि तो आपल्याच साइटचा आहे ना हे तपासून मगच पाठवतो.

अभ्यासिकेत कोपऱ्यात एक सगळ्यांसाठीचा कॉम्प्युटर असतो, त्यावरचं राहिलं. एका मुलाने आपल्या साइटवरून लॉगआउट केलं, पण गूगलमधून तो लॉगआउट झालेला नाही. दुसऱ्याने गूगलचं बटण दाबलं की न विचारता पहिल्याच्या नावाने आत. गूगलकडे पाठवताना प्रॉम्प्टमधे सिलेक्ट अकाउंट द्या म्हणजे दरवेळी अकाउंट निवडायचं पान येतं. त्या कॉम्प्युटरवर गेस्ट विंडो वापरायची सवय लावता आली तर फारच बरं.

लॉगमधे काय लिहायचं ते सांगून थांबतो. लॉगिन सुरू होताना आणि कॉलबॅकला, दोन्हीकडे वेळ, होस्टचं पूर्ण नाव, कुकी आली की नाही, सेशन आयडीच्या हॅशची पहिली काही अक्षरं, प्रोसेसचा नंबर, युजर एजंट आणि पासपोर्टचा मेसेज. कोड, टोकन आणि पासवर्ड कधीच नाही, आणि इंजिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगमधे कॉलबॅकची पूर्ण क्वेरी उतरते ती पण बंद करा. एवढं असलं की तक्रार आल्यावर मुलाला फक्त साधारण वेळ आणि कुठल्या लिंकवरून आला ते विचारायचं, होस्ट वेगळे आहेत, प्रोसेस वेगळी आहे की कुकीच आली नाही, हे दोन ओळी शेजारी ठेवल्या की दिसतं.